न्यू यॉर्कमधली सर्वांत कायदेशीर पेटी

माझे बाबा आणि आल्डनकाका बावीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते, आणि त्याचं कारण एक बंदूक होती. माझ्यामागे ही थोरल्याची, असं आजोबा जेवताना म्हणायचे. थोरले म्हणजे काका. पण आजोबांना पुरून काका न्यू हॅम्पशायरला परतले आणि त्याच आठवड्यात बाबांनी बंदूक भिंतीवरून उतरवून आपल्या घरी आणली.

"गंजली असती," असं ते अजूनही सांगतात.

ऑक्टोबरात काकांचा फोन आला. "ऑरिन, मी ब्याऐंशीचा झालो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शुक्रवारी तीन वाजेपर्यंत बर्निस थिबोच्या बंदुकांच्या दुकानात बसलेला असेन. बंदूक आणलीस तर भाऊ. नाही आणलीस तर मी इतकी वर्षं म्हणतोय तेच, चोर." आणि फोन ठेवला.

दुकान मध्ये येतं ते कायद्यामुळे. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्याला आपली बंदूक न्यू हॅम्पशायरमधल्या माणसाला परस्पर देता येत नाही, सख्खा भाऊ असला तरी. तिथल्या परवानाधारक दुकानदारामार्फतच द्यावी लागते. मृत्युपत्रातून मिळाली तर मात्र दुकानदार लागत नाही.

"म्हणजे मी मेलो असतो तर सोपं गेलं असतं," बाबा म्हणाले.

"हो."

"कायदा लिहिणाऱ्याला भाऊ नसावा."

खरी भीती वाटेतल्या न्यू यॉर्क राज्याची होती. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या टायोगा परगण्यात बंदुकीकडे कुणी छत्रीपेक्षा जास्त लक्ष देत नाही. सीमेपलीकडच्या लोकांना मात्र आम्ही सगळे जंगलातून निसटलेलो आहोत असं वाटतं, आणि आम्हाला ते सगळे पोलीस आहेत असं वाटतं. कायद्याने बंदूक घेऊन त्या राज्यातून नुसतं पार जाता येतं. बंदूक रिकामी हवी, ती आणि काडतुसं हाताशी नकोत, आणि जिथून निघालो तिथे आणि जिथे जायचं तिथे ती बाळगणं कायदेशीर हवं.

मी परगण्याच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे प्रत्येक नमुन्याच्या कागदावर दोन सह्या असतात, कारण एक माणूस चुकतो. म्हणून मी यादी केली. बंदूक लोखंडी पेटीत, कुलूपबंद. काडतुसं वेगळ्या डब्यात, तोही कुलूपबंद. दोन्ही डिकीत. किल्ल्या पुढच्या सीटवर नकोत. सातवा आणि शेवटचा मुद्दा होता, किल्ल्या सुरक्षित ठेवल्या. त्याच्यापुढे बाबांनी खूण केली आणि सही केली. मीही केली.

सकाळी सहाला निघालो. बाबांनी शिकारीचा नारिंगी कोट घातला होता. मी खिसे तपासायला सांगितले. एकातून पेपरमिंटच्या गोळ्या निघाल्या, दुसऱ्यातून एक काडतूस.

"हे कुठून आलं?"

"अठ्ठ्याऐंशी सालचं असेल. चर्चमध्येसुद्धा असतं ते."

काडतूस मी अंगणातच काढून घेतलं आणि परत आत जाऊन फडताळात टाकलं. वीस मिनिटं गेली, कारण बाबांनी मग सगळेच कोट तपासायला घेतले. आणखी अकरा सापडली.

बिंगहॅम्टन मागे पडलं तसं बाबांनी विचारलं, "थांबायचं का कुठे? इथे केक चांगला मिळतो. चेरीचा."

"नाही. पेट्रोल आणि संडास. एवढंच."

"कायद्यात लिहिलंय तसं?"

"कायद्यात काहीच लिहिलेलं नाही. आणि जिथे लिहिलेलं नसतं तिथे वकील असतो."

"म्हणजे न्यू यॉर्कमध्ये मुतायची परवानगी आहे, पण खायची नाही."

"साधारण तसंच."

"या राज्याबद्दल मला हेच वाटत आलंय," बाबा म्हणाले आणि पेपरमिंट चघळत बसले.

आल्बनीच्या अलीकडे मागे निळे-लाल दिवे लागले. मी गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात चाकावर ठेवले. पोलीस उंच होता, मिशीवाला, डोळ्यांत झोप नसलेला.

"तुमचा मागचा डावा दिवा गेलाय. गाडीत काही हत्यार वगैरे?"

खोटं बोलता येईल असा चेहरा माझ्याकडे नाही. मी सगळं सांगितलं. निघालो कुठून, जायचं कुठे, कायद्याचं कलमसुद्धा. बाबा म्हणाले, "साहेब, हिच्याकडे यादी पण आहे." मी यादी दिली. त्याने ती शेवटपर्यंत वाचली.

"डिकी बघितली तर चालेल?"

मी नाही म्हणायच्या आत बाबा हो म्हणाले. पोलिसाने लोखंडी पेटी बघितली, शेजारचा डबा बघितला, कुलुपं हलवून बघितली.

"या पेटीची किल्ली कुठेय?"

"काडतुसांच्या डब्यात," मी म्हणाले. "पुढच्या सीटवर नको म्हणून. डबा कुलूपबंद आहे, त्यामुळे ती सुरक्षित राहील."

"आणि डब्याची?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा कुंपणापलीकडच्या गाईंकडे बघत होते.

"बाबा, डब्याची किल्ली कुठे ठेवलीत?"

"सुरक्षित," बाबा म्हणाले. "यादीत लिहिलं होतं ना, सुरक्षित ठेवा म्हणून."

"कुठे?"

"बंदुकीच्या पेटीत. आधी किल्ली आत टाकली, मग झाकण लावलं, आणि पेटीची किल्ली तुझ्या हातात दिली."

ट्रक जात होते. पोलिसाने बोटाने हवेत एक गोल काढला, मग उलटा काढून बघितला.

"बाई," तो म्हणाला, "इतकी कायदेशीर पेटी मी आजवर पाहिलेली नाही. बंदूक हाताशी नको म्हणतात, ही तर कुणाच्याच हाताशी नाही."

त्याने दिव्याची चिठ्ठी फाडून दिली आणि यादी परत केली. सातव्या मुद्द्याखाली त्याने स्वतःची सही ठोकली होती.

यात पाऊण तास गेला. मग व्हरमॉन्ट लागलं. दुसऱ्या किल्ल्या घरी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर होत्या, सहा तास मागे. बाबा म्हणाले, "आल्डन म्हणेल, पेटीत दगड भरून आणलेत."

"कुलूप तोडू."

"तोडेपर्यंत म्हणेल. त्याला तेवढंच पुरे आहे."

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी आम्ही दुकानात शिरलो. एका भिंतीवर बंदुका, दुसऱ्या भिंतीला माशांच्या आमिषाचे हौद. बर्निसचा गाल सुजला होता. "साडेतीनला दात काढायचाय. तीनच्या ठोक्याला शटर खाली," ती म्हणाली. आल्डनकाका हौदाशेजारी उलट्या बादलीवर बसले होते. अर्धांगाच्या झटक्यापासून त्यांचा डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला असतो.

"आलास," काका म्हणाले.

"आलो."

"उघड."

बाबांनी पेटी आणि डबा टेबलावर ठेवले. मी खाकरले. मला सांगायचं होतं की पद्धत माझी होती, यादी माझी होती, आणि पहिली किल्ली कुठे आहे हे न विचारता दुसरी मीच डब्यात टाकली होती. पण बाबा आधी बोलले.

"उघडत नाही, पण आत दगड नाहीत. याची किल्ली त्यात आणि त्याची यात. माझी चूक."

माझ्या आयुष्यात बाबांच्या तोंडून हे दोन शब्द मी ऐकले नव्हते. काकांनीही ऐकले नसावेत. त्यांनी काठी टेकली.

"दोन्ही आत?"

"दोन्ही."

"बर्निस," काका हळूच म्हणाले, "अकरा वर्षांचा असताना याने कोंबड्यांच्या खुराड्याला आतून कडी घातली होती. स्वतः आत असताना. आणि मग ओरडत बसला, कुणीतरी उघडा. दगड आणणारा माणूस किल्ल्या नीट ठेवतो. आत बंदूकच आहे."

"कडी गंजली होती," बाबा म्हणाले.

"तुझं सगळं गंजलेलंच असतं."

मी म्हटलं, डब्याचं कुलूप हलकं आहे, तेच तोडू. बर्निसने लांब दांड्यांची कात्री आणली, पण काकांनी तिला हात लावू दिला नाही. "घरातलं काम आहे," म्हणाले. त्यांचा एकच हात चालतो आणि बाबांचा खांदा वर जात नाही. शेवटी एक दांडा काकांनी धरला, दुसरा बाबांनी, आणि दोन म्हातारे एकमेकांच्या अंगावर रेलल्यासारखे दाबत राहिले.

"जोर लाव."

"लावतोय. तू लाव."

"मी ब्याऐंशीचा आहे."

"तुझ्या तोंडाला किती वर्षं झाली?"

कुलूप तुटलं. किल्ली मिळाली. पेटीत बंदूक होती, तेल लावलेली, आणि तिच्यावर छोटी दुसरी किल्ली. बर्निसने क्रमांक वहीत उतरवला. काकांनी फॉर्म भरला. गुन्हेगार आहात का, या प्रश्नाला त्यांनी नाही असं लिहिलं आणि म्हणाले, "हा प्रश्न त्याला विचारायला हवा." बर्निसने सरकारी चौकशीसाठी फोन लावला, आणि तीनला दोन मिनिटं असताना मंजुरी आली.

काकांनी बंदूक मांडीवर घेतली आणि लाकडावरून अंगठा फिरवला. "निगा चांगली राखलीस," म्हणाले. मग कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढून बाबांना दिला. मृत्युपत्राची नक्कल होती. बंदूक ऑरिनला.

"मी गेलो की तुझीच," काका म्हणाले. "तेव्हा बर्निसही लागणार नाही."

"मग मला आज आणायला कशाला लावली?"

"द्यायची असेल तर आधी माझी व्हायला हवी ना."

बाबांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली, पेपरमिंटच्या खिशात ठेवला.

"घाई करू नकोस," ते म्हणाले. "मध्ये न्यू यॉर्क आहे."