डावीकडून ठाण्यात

तृप्ती बोरगावच्या मैदानावर बायकांना स्कूटी शिकवायची. क्लास झकास चालला होता. अशात एका सकाळी आटोवाला अंकुश आला आणि सगळ्यांसमोर गरजला, "बाया सोता गाडी चालवाले लागल्या, तर माह्या आटोत कोन बसन? उद्या इथं दिसली, तर तुही गाडी पेटवून देईन!"

तृप्ती कुणाच्या बापाला भिणारी नव्हती. तिने तडक सौंसरचं पोलीस ठाणं गाठून तक्रार दिली. साहेबांनी ती लगेच लिहून घेतली. "चौकशी करतो," ते म्हणाले, "पण धमकी ज्यांनी ऐकली, त्या बायकांना बयान द्यायला येऊ द्या."

येणार कोण? मैदान दुसऱ्याच दिवशी ओस पडलं. फोन करावा, तर कुणाकडे पाहुणे, कुणाचं डोकं दुखतंय. क्लासमधल्या उषाकाकू तर फोन उचलेनातच. शेवटी तिने बयानाचा दिवस सगळ्यांना मेसेजवर कळवला. क्लास म्हणजे तृप्तीचा जीव की प्राण. अंकुशच्या धमकीपेक्षा तिला हेच जास्त लागलं.

बयानाच्या दिवशी ती ठाण्याच्या बाकावर एकटीच बसली. दुपार कलली. आता उठावं म्हणते, तोच बाहेर हॉर्नचा कल्लोळ उठला. फाटकातून उषाकाकूंची स्कूटी सुसाट आत आली आणि फुलझाडाच्या कुंडीला जाऊन भिडली. मागोमाग बाकीच्या, आपापल्या घरची स्कूटी घेऊन, "सरका, सरका!" ओरडत.

"काकू, इतका उशीर कावून?"

"तुमी उजवीकडं वळाचं शिकोलंच कुठं, मॅडम? डावीकडं वळत वळत अख्खा बजार फिरून आलो. आटो स्टँडवरून तर तीनदा गेलो!"

"मग अंकुश?"

"आटोमागं लपला मेला! आमाले ब्रेक तरी कुठं धड लावता येते!"

तृप्तीला हसू आणि रडू एकदमच फुटलं. काकूंनी पदर खोचला आणि खणखणीत आवाजात पहिलं बयान दिलं. मग बाकीच्यांनाही कंठ फुटला.

शेवटी साहेब काळजीने म्हणाले, "चौकशीला थोडा वेळ लागेल. तोवर क्लास बंद ठेवलात तर बरं."

तृप्तीचा चेहरा पडला. ती काही बोलणार, तेवढ्यात काकू पुढे झाल्या.

"चौकशी होईन तवा होईन, साहेब. आमी उद्या सकाळी मैदानावर हाओत. शिपाई पाठवाचा असन, तर तिथंच पाठवा."