खुडूक, मौजे झरी

"हात काढा जी, ती खुडूक हाय!"

मुंजाजी ओसरीवरून ओरडला, पण तोवर उशीर झाला होता. गिरदावराच्या चपराशानं कोपऱ्यातल्या पाटीत हात घातला होता आणि पाटीतल्या कोंबडीनं त्याच्या अंगठ्याचा चांगलाच समाचार घेतला होता. चपराशी अंगठा तोंडात धरून मागे सरला. कोंबडी होती मूठभर. काळी, ठेंगणी, नाव मिरी. पण पिसं फुलवून अशी बसली होती की पाटीत तिच्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

"खुडूक बोले तो?" चपराशी नवीन होता, बीदरकडचा.

"मंजी आता अंडी देणार न्हाई. बसून ऱ्हाती."

"अंडे नहीं देती, बैठ के खाती. फिर रखे काय को? हांडी में डालो."

अजून रझाकारांचं नाव गावात कुणी ऐकलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. साहेब दौऱ्यावर आला की झरीच्या चावडीवर दूध, जळण आणि कोंबड्या गावानं पोचवायच्या, असा रिवाज होता. घरं पाळीपाळीनं देत. या खेपेला पाळी आश्रुबाच्या घराची होती. मुंजाजी हा आश्रुबाचा धाकटा भाऊ. त्यानं दोन चांगले कोंबडे कालच चावडीवर धाडले होते. चपराशाला मात्र तिसरी कोंबडी हवी होती, ती बहुधा स्वतःसाठी.

आवाज वाढला आणि नेमका त्याच वेळी जमाबंदी तपासून शिवारातून परतणारा गिरदावर दारात थांबला. रहमतअली त्याचं नाव. जाडजूड, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. त्यानं चपराशाचा अंगठा पाहिला, मग पाटी पाहिली, आणि साहेबपण विसरून पाटीपुढं उकिडवा बसला. हात लावला नाही. कोंबड्यांतलं कळणारा माणूस आहे, हे मुंजाजीनं तेवढ्यावरून ओळखलं.

"बैठती अच्छी?"

"एकदा बसली का एकवीस दिस हालत न्हाई, साहेब. गावातल्या निम्म्या कोंबड्या हिच्याच पोटाखालच्या हायत."

गिरदावरानं सुस्कारा सोडला. "मेरी असील है मियां. बकरी के बच्चे इत्ती. अंडों पो बैठी तो अंडेच फोड़ डालती. ग्यारह में से एक बच्चा बचा."

"मोठी बाई पलंगावर बसल्यावानी बसत आसंल," मुंजाजी म्हणाला. "ही माजी मिरी पाय ठिवताना बी इचारून ठिवती."

गिरदावर मोठ्यानं हसला. तिथंच सौदा ठरला. तो परभणीहून त्या झुंजीच्या असील जातीच्या कोंबडीची अंडी पाठवील. मिरीनं पिल्लं काढून दिली, तर तो एक चिठ्ठी देईल, आणि त्या चिठ्ठीनं ही कोंबडी जन्मभर सुटली. सरकारचा कुठलाही माणूस तिला हात लावणार नाही.

"अन् न्हाई निगाली तर?"

"हांडी," चपराशी मागून म्हणाला.

गिरदावरानं त्याला अडवलं नाही. म्हणजे तेच ठरलं.

मुंजाजीचं काय होतं ते आता सांगायला हवं. सतराव्या वर्षी भरल्या गाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. पाय राहिला, पण वाकडा. मानवतकडच्या एका घरी त्याची सुपारी फुटली होती. त्यांनी माणूस पाठवून निरोप दिला की नांगर न धरता येणाऱ्याला मुलगी देणं जमायचं नाही. ते एक वर्ष मुंजाजी कुणाशी बोलला नाही. नंतर बोलायला लागला, कारण तोवर वहिनीला, बायनाबाईला, पहिलं लेकरू झालं होतं आणि ते धरायला घरात दुसरं कुणी नव्हतं. आश्रुबा आणि बायनाबाई शेतात जात. लेकरं मुंजाजीच्या मांडीवर वाढत. अशी चार वाढली. कोंबड्यांचंही तसंच झालं. ज्याच्या घरची कोंबडी बसत नाही, तो अंडी मुंजाजीकडे आणून ठेवी आणि निघालेली पिल्लं दोघं अर्धीअर्धी वाटून घेत. दिवसभर मांडीवर लेकरू आणि भोवती पिल्लं बघून बायनाबाईनंच एकदा थट्टेनं त्याला 'खुडूक भावजी' म्हटलं. वहिनीनं दिराला म्हटलं तर ती थट्टा असते. पण गावानं ते उचललं आणि गावाच्या तोंडी त्याला धार आली. मुंजाजी हसून घेई. खरं सांगायचं, तर त्याला ते टोचायचं.

तिसऱ्या दिवशी चपराशी अंडी घेऊन आला. सरकीनं भरलेल्या टोपलीत सात अंडी होती, एकेक पेरूएवढं. मुंजाजीनं पाटीत राख पसरली, तिच्यावर मऊ काड घातलं, आणि अंडी मिरीखाली सरकवली. पाच गेली. सहावं एका बाजूनं बाहेर डोकावू लागलं.

"पाचच मावतेत. दोन माघारी न्या."

"साब गिन के सात दिये. सात का हिसाब देना." चपराशाचा अंगठा अजून सुजलेला होता. सूड उगवल्याच्या समाधानानं तो निघून गेला.

सात दडपून ठेवली तर आज हे गार पडणार, उद्या ते, आणि शेवटी सातही जाणार, हे मुंजाजीला पक्कं ठाऊक होतं. गावात दुसरी कोंबडी खुडूक नव्हती. तो बराच वेळ ती दोन अंडी हातात धरून बसला. मग उठला आणि लंगडत शेजारच्या नीलम्माच्या दारात गेला.

नीलम्मा म्हणजे गुरुसिद्धप्पा दुकानदाराची बायको. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म. कोंबडं अंगणात आलं तर सारा दिवस अंगण धुवायची. देवासाठी वाती वळत ती दारातच बसली होती.

"नीलम्माक्का, मूठभर रुई देता का? पोटाला..."

"थांबा!" तिनं हात वर केला. "कशाला पायजे ते इचारलं न्हाई म्या. तुमी बी सांगू नका." आणि सरकी काढलेल्या पांढऱ्याशुभ्र कापसाचा मोठा पेळू तिनं उंबऱ्यावर ठेवला.

मुंजाजीनं दोन्ही अंडी त्या कापसात गुंडाळून बेंबीवर ठेवली आणि वरून जुना पटका चार वेढे देऊन बांधला. काजळानं सातही अंड्यांवर खुणा केल्या. सकाळी मिरी दाणे टिपायला उठली की पोटावरची दोन पाटीत जायची आणि पाटीतली दोन पोटावर यायची. कुठलंच अंडं फार वेळ आईवाचून राहायचं नाही.

ही बातमी गावात पसरायला अर्धा दिवस पुरला. "मुंजाजी खुडूक बसला" म्हणून माणसं बघायला येऊ लागली. कुणी विचारी, दाणे टाकू का? किशनराव पाटलानं तर दारातून "कुडूक कुडूक" असा आवाजही काढला. मुंजाजी उताणा निजे, वाकत नसे, शिंक आली तर दोन्ही हात पोटाला लावून शिंके. बायनाबाई हसून हसून बेजार झाली, पण भाकरी जागेवर आणून देऊ लागली.

"मिरी दिसातून एकदा तरी उठती, भावजी. तुमी तिच्याहून बी वरताण."

"तिला चार पावलं नीट टाकता येतेत, वयनी. म्या पडलो तर दोन जीव जातेल."

हे तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की बायनाबाई हसायची थांबली. त्यानंतर अंगणात कुणी टवाळी केली, की तीच त्याला हाकलून लावी.

आणि नवल म्हणजे ते दिवस मुंजाजीला फार सुखाचे गेले. कुणी काम सांगत नव्हतं. चैत्राचं ऊन अंगणात तापे, आत पाटीत मिरी डोळे मिटून बसलेली, ओसरीवर हा. दोघांचं काम एकच. कधी ती घशातल्या घशात बोले, तर हाही घशातल्या घशात उत्तर देई.

अठराव्या दिवसापासून अंडी हलवायची नसतात. आतलं पिल्लू तोंड कुठं काढायचं ते ठरवतं, असं मुंजाजी म्हणे. त्या दिवशी ज्या दोन अंड्यांची पाळी त्याच्याकडे होती, ती दोन त्याचीच झाली.

एकविसाव्या दिवशी मिरीखालून चिवचिव आली. एक, दोन, करत संध्याकाळपर्यंत पाच. पाचही धडधाकट, उंच पायांची. घरात आनंदीआनंद झाला. चिठ्ठी आता हातात आल्यासारखीच होती. मुंजाजी मात्र पटक्यावर हात ठेवून बसला होता. त्याच्याकडचं एक अंडं सकाळपासून जड आणि गार लागत होतं. ते गेलं, हे त्याला कळलं होतं. दुसऱ्याचं काही कळत नव्हतं.

बाविसाव्या दिवशी सकाळी तो दचकून ओरडला, "वयनी! वयनी, इकडं या!"

बायनाबाई पिठाच्या हातानं धावत आली. "काय झालं?"

"ठोकायलंय. आतून." त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि डोळे भरले होते. "माज्या पोटाला ठोकायलंय वो कुणीतरी."

चार लेकरांची आई ती. हसावं की रडावं हे तिला समजेना. ती त्याच्याजवळ खाली बसली. "आसंच आसतंय, भावजी," ती हळू म्हणाली. "पयल्या बारीला लय भ्या वाटतंय. हलू नका."

दुपारपर्यंत ते पिल्लू बाहेर आलं. मुंजाजीनं त्याला लगेच मिरीकडे नेऊन सोडलं. मिरीनं टोचलं नाही, पंख उचलून जागाही दिली. पण पिल्लालाच ती पटेना. ते पंखाखालून निघे आणि मुंजाजीच्या वाकड्या पायामागं अंगणभर हिंडे. तो बसला की मांडीवर. मिरीनं दोन दिवस हाका मारल्या, मग नाद सोडला.

दोन महिन्यांनी गिरदावर आला. चपराशानं पाच पिल्लं डालग्यात भरली आणि विचारलं, "सात थे. दो किधर?"

"एक गार पडलं. एक ह्ये हाय." मुंजाजीनं मांडीवरचं सहावं उचलून पुढं केलं. कोंबडा होता तो, ताठ मानेचा, सगळ्यांत देखणा. लपवता आला असता. लपवावा, असं आदल्या दिवसापर्यंत मुंजाजीला फार वाटत होतं. रात्री तो जेवलाही नव्हता. पण मोजून घेतलेली वस्तू मोजूनच द्यायची असते.

गिरदावरानं कोंबडा हातात घेतला, मांड्या दाबून पाहिल्या, खूश झाला. कोंबड्यानं एक हिसका दिला, खाली उडी घेतली आणि तरातरा जाऊन मुंजाजीच्या मांडीवर चढला. चपराशानं पुन्हा पकडून आणला. कोंबडा पुन्हा गेला. मग किशनराव पाटलानंच साहेबाला रुईची, पटक्याची आणि एकवीस दिवसांची सगळी हकिकत सांगितली. टवाळी म्हणून सुरुवात केली होती त्यानं, पण सांगता सांगता त्याचाच सूर बदलला.

गिरदावरानं दाढी कुरवाळली. "रहने दो," तो म्हणाला. "असील अपने आदमी को छोड़ता नहीं." मग चपराशाकडून कागद घेतला, गुडघ्यावर धरून चार ओळी लिहिल्या, मोहोर उठवली आणि पाच पिल्लं घेऊन गाडीत बसला. मिरी गाडीमागं वेशीपर्यंत गेली आणि परत आली.

कागद उर्दूत होता. तो वाचायला शाळेतल्या दिनकरराव मास्तरांना बोलावलं. अंगण माणसांनी भरलं. नीलम्माही आपल्या दारात उभी होती. मुंजाजी ओसरीवर बसला होता, कोंबडा मांडीवर, बायनाबाईची लेकरं दोन्ही बाजूंनी त्याला चिकटलेली. मास्तरांनी चष्मा लावला.

"खुडूक, मौजे झरी," त्यांनी वाचलं.

सगळे हसले. मुंजाजीही हसला.

"पुढं वाचा की."

"हिला आणि हिच्या पिल्लांना सरकारी माणसांपैकी कोणी हात..." मास्तर थांबले. कागद जवळ धरला. "थांबा. इथं लिहिलंय 'इसको और इसके बच्चों को'. आता 'इसको' म्हणजे हिला बी होतंय अन् ह्याला बी होतंय. उर्दूत कोंबडी का माणूस ते कळंना. मराठीत काय म्हणू, तुमीच सांगा."

अंगणात मिरी एकटीच पाटीभोवती फिरत होती. पुन्हा बसायची तिची तयारी दिसत होती.

"ह्याला," बायनाबाई म्हणाली. "ह्याला म्हणा, मास्तर. अन् बच्चे मंजी लेकरं."

मास्तरांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून वाचलं. "खुडूक, मौजे झरी. ह्याला आणि ह्याच्या लेकरांना सरकारी माणसांपैकी कोणी हात लावू नये."

माणसं पांगली तरी मुंजाजी उठला नाही. मांडीवरचा कोंबडा झोपला होता, धाकट्या लेकराचं डोकं खांद्यावर आलं होतं. मग तो तसाच बसून राहिला.