पट्ट्याच्या जागेवरचं दान

माह्या हातच्या कामाले कोनी नावं ठेवली तर मी ऐकून घेतो. भिंत वाकडी असन तर असन. पण माह्या हातानं बसवलेला एक दगड असा होता का त्याच्यापायी एका बाईचं घर जात होतं. त्याचा राग मले अजूनही येते. आफिसवर येते, संघदीपवर येते, आन् सगळ्यात जास्त माह्याच टकुऱ्यावर येते.

मी बिसराम, गवंडी. सेवकराम टेंभुर्णे माहा दोस्त, राइस मिलात हमाल होता. एकोणऐंशी सालात त्याले रेल्वे लाइनीजवळ नझूलचा प्लॉट भेटला. नझूल मंजे सरकारची जागा. आपण घर बांधाचं, राहाचं, सालाचं भाडं भराचं, मालक सरकार. तीस सालाचा पट्टा. ती जागा कोनाले विकाची का द्याची तर आधी कलेक्टरची परवानगी. हे सारं पट्ट्यावर बारीक अक्षरात लिहून होतं मंतात. वाचलं कोनं? पट्टा पेटीत, पेटी खाटंखाली.

मोहल्ल्यातली बौद्ध मानसं तवा वंदनेले कोनाच्या ना कोनाच्या छपरीत बसत. शहाण्णव सालात सेवकराम मले मने, "बिसराम, माह्या प्लॉटचा कोपरा रिकामाच हाय. एक खोली उठव गा, लोकं बसतीन."

मी उठवली. मी त्याहिच्या धर्मातला नाही, पण मजुरीचा एक पैसा घेतला नाही. इटा लोकाईनं आणल्या, घमेले सेवकरामची बायको रुक्माबाई वाहे. काम झालं आन् मले हौस आली. गोंदियावरून पांढरा संगमरवर आणला. संघदीप तवा नवा नवा मास्तर लागलता, विहार समितीचा सचिव. त्यानं मजकूर लिहून देल्ला: 'बुद्धविहारासाठी जागा दान – सेवकराम लहानू टेंभुर्णे.'

सेवकरामनं दगड पाह्यला आन् मान खाजवली. "लिहाचं कायले गा? बसाले जागा देल्ली, झालं."

मी मनलं, "चूप बैस. नाव राह्यते मानसाचं."

सेवकराम गेला दोन हजार चारात. दोन हजार नऊ सालात पट्टा सरला. रुक्माबाईनं वाढवून मागाले अर्ज टाकला, तर बाबू मने जुनी फाइल भंडाऱ्याले हाय, गोंदिया जिल्हा येगळा झाला तवा आलीच नाही. भंडाऱ्याचे मनत गोंदियाले धाडली. बाई साठीची, पाच चकरा मारल्या यष्टीनं. फाइल शेवटी भंडाऱ्यातच सापडली.

मंग मोक्यावर पाहाले एक बाबू आन् एक मोजणीवाला आला. टेप लावला, घर मोजलं. बाबू त्या खोलीकडं पाहून मने, "ये क्या है?"

आन् मी, गाढव! मले कोनी बोलावलं नोतं. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं दगड पुसला आन् मनलं, "वाचा ना साहेब. असा दानी मानूस होता आमचा सेवकराम."

बाबूनं वाचलं, आन् अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. मले वाटलं, खूश झाला.

पंधरा दिवसानं कागद आला. रुक्माबाईनं संघदीपकून वाचून घेतला, मीही तठीच होतो. परवानगीबिगर जागा दुसऱ्याले देल्ली, मंजे शर्तभंग. पट्टा रद्द करून जागा सरकारजमा काऊन करू नये, याचा खुलासा करा. सुनावणी सोमवारी.

 रुक्माबाई एकदम उठली आन् माह्यावरच आली. "तुमचा दगड, भाऊ! तुमचाच!"



दुसऱ्या दिशी आम्ही तिघं आफिसात गेलो. बाबू मने, "सरकारी जमीन दान करनेवाले आप कौन? दोनच रस्ते हायत. एक, दान झालंच नाही असं शपथेवर लिहून द्या. नाही तं तो कोपरा सरकारले वापस करा, बाकीचा पट्टा वाढवून भेटन."

"वापस केला तं खोलीचं काय होईन?" मी इचारलं.

"अतिक्रमण. पाडतीन कधी तरी."

मले वाटलं थापी हानावी त्याच्या टेबलावर. तीस सालात एक दिस कोनी आला नाही तठी. नाली नाही, नळ नाही. आन् चार मानसं डोळे मिटून बसतात त्याचं यायले अतिक्रमण दिसते!

भाईर आलो तं संघदीप सुरू झाला. "काकी, दान नाही असं लिहून देऊ नका. मंग विहार तुमच्या घरातली खोली झाली. उद्या तुमच्या पोरानं कुलूप लावलं तं समितीनं कोनाले इचारावं?"

रुक्माबाई चालता चालता थांबली. भर रस्त्यात.

"कुलूप? संघदीप, तेरा साल झाले, त्या खोलीले कोन झाडून राह्यलं रे? तुही समिती? माह्या नवऱ्यानं देताना मले इचारलं नाही. दगडावर माहं नाव टाकलं नाही. घर चाललं तवा सारे मलेच इचारून राह्यले, काय लिहू आन् काय नको! घर गेलं तं तुह्या शाळंत झोपू का मी?"

"तसं नाही काकी..."

"मंग कसं हाय, सांग!"

  खरं काय ते मले ठाऊक होतं. सेवकरामनं जागा देल्लीच नोती. बसाले देल्ली होती. दान आम्ही केलं, मी आन् या मास्तरनं, दुसऱ्याच्या नावानं.

सोमवारी मी साक्षीले उभा राह्यलो. मोठा साहेब मने, "काय माहीत आहे तुम्हाला?"

"साहेब, तो दगड माहा हाय. मजकूर या मास्तरचा. सेवकराम मनला होता, लिहू नका. लोकाईले बसाले दे, एवढंच मनला. माहीच जिरवा, बाईचं घर कायले घेता?"

संघदीप मागून मने, "काका, विहार बुडवून राह्यले तुम्ही!"

"बुडवलं तवाच, जवा तुनं लिहून देल्लं आन् मी बसवलं. चूप बैस आता."

साहेबानं त्याले इचारलं, मजकूर तुमचा का? मास्तरनं खाली पाहून होय मनलं. तेवढं तं त्याच्याच्यानं झालं.

महिन्यानं हुकूम आला. जागा फक्त वापराले देल्ली, मालकी कोनाले देल्ली नाही, शर्तभंग नाही, पट्टा पुढं तीस साल. पण दगड पंधरा दिवसात काढाचा.

मी भर दुपारी छन्नी-हातोडी घेऊन गेलो. अर्धा मोहल्ला जमला. एक बुढा मने, "सेवकरामचं नाव पुसून राह्यला, दोस्त मंते सोताले!" मी ऐकून घेतलं. दगड जबर बसवला होता मी, निघता निघेना. शेवटी तीन तुकड्यात आला. रुक्माबाईनं तुकडे सोताच्या हातानं उचलले, घरात नेऊन ठेवले.

मंग भाईर आली आन् साऱ्याईवर ओरडली, "पाहून का राह्यले? दगड काढला, दार नाही काढलं. साजंले वंदना हाय, येजा. आन् संघदीप, आजपासून खोली झाडाची पाळी तुही."

कोनी हासलं नाही. साजंले आठ-दहा जनं आले. एरवी तीस येत. मी भाईर सिमिट कालवत होतो, भिंतीतला खड्डा बुजवाले. संघदीप सगळ्यात मागून आला.  कोपऱ्यातला झाडू घेतला आन् मी पाडलेली गिट्टी झाडाले लागला, आन् मुद्दाम सारी धूळ माह्याकडं.

मी मनलं, "मास्तर, पानी मार आधी. एवढंही शिकवलं नाही का कोनी?"