कमरेचं माप

"पोट आत ओढू नकोस, सरळ उभा राहा," टाचण्या तोंडात धरूनच ताई धाकट्या भावावर खेकसली.

"ओढत नाहीये गं. खरंच बारीक झालोय."

टेप कमरेभोवती फिरली आणि ताईने आकडा दोनदा वाचला. पुढच्या खोलीत मशीन टाकून तिने सगळ्या गल्लीचे कपडे शिवले होते. पण या एका कमरेचं माप तिला झोपेतही पाठ होतं.

भाऊ एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवायचा. काही वर्षांपूर्वी त्याला भिंतीतून माणसं बोलताना ऐकू यायला लागली. गोळ्या सुरू झाल्या, माणसं गप्प झाली, आणि भूक जी सुटली ती आवरेना. ताटावरून उठता उठता त्याला पुन्हा भूक लागायची. खादाड म्हणून ताईने त्याला फैलावर घेतलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिलाच समज दिली.

"त्याच्या जिभेला बोल लावू नका. गोळी डोकं शांत करते, पण पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत नीट पोचत नाही. आजारही अंग जड करतो. वजनाचं बघू आपण, गोळी मात्र मनाने बंद करायची नाही."

तेव्हापासून ताई मुकाट्याने त्याच्या पँटी उसवून सैल करत आली. लिफ्टमधल्या लोकांना मात्र तोंड आवरत नव्हतं. "तुम्ही उतरा, म्हणजे आम्ही सगळे मावू," असं रोज कोणीतरी म्हणायचं आणि तोही हसायचा. दुसरं काय करणार बिचारा!

आता तीच माणसं त्याची पाठ थोपटत होती. गेल्या आठवड्यात ताईनेही त्याचं कौतुक केलं होतं. ते आठवून तिला स्वतःचाच संताप आला.

"गोळ्या घेतोस ना रे?"

तो आरशात बघत राहिला. "आधी मशीन बंद कर."

"बंदच आहे."

"मग हळू बोल."

ताईने टेप गुंडाळून ठेवली. आवाज सांभाळून ती म्हणाली, "उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. गोळी बदलून देतील. आणि तू जाडा असलास तरी मला चालतोस."

"तुला चालतो. लिफ्टमध्ये तू नसतेस," तो म्हणाला. "पँट आत घे. जास्तीचं कापड कापून टाक."

ताईने शिवण आत घेतली, पण कापड कापलं नाही. नीट दुमडून आतच ठेवलं. ते पुन्हा लागावं, एवढंच तिला हवं होतं.

त्याने पँट चढवली आणि मागच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. आतला जाडपणा हाताला लागला. त्याने टेबलावरची कात्री उचलली आणि तिच्यापुढे धरली.

ताईने ती घेऊन ड्रॉवरमध्ये टाकली, कुलूप लावलं. मग डब्यातली गोळी काढून पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवली.

"घे राजा. माझ्यासाठी घे."

"कामाला उशीर होतोय," म्हणून त्याने चपला घातल्या. ताईने सवयीने मागून पाहिलं. पँट अगदी नेमकी बसली होती.