दारी आलेला वाटा

चंदाबाईनं खिडकीच्या काचेला नाक लावलं. बाहेर माणसं तलावाकडून परतत होती. डोक्यावर टोपल्या, अंगभर चिखल. मे महिन्यात तलाव आटला की सारं गाव मिळून मासे धरतं. यंदा तेवढी चंदाबाई घरात होती, तीही शाल पांघरून.

हे सारं लेकीसाठी, दीपिकासाठी. गडचिरोलीजवळच्या या घरकुलात दीपिकानं हीट पंप बसवला होता. डोंग्यात शिरलेलं पाणी आपण उपसून टाकतो ना, तसं हे यंत्र घरातली उष्णता उपसून बाहेर टाकतं. थंडीत उलटं, बाहेरची ऊब आत आणतं. दीपिकानं कंप्युटरात हुबेहूब असंच घर मांडलं होतं. खरं घर आणि ते घर सारखंच तापलं-निवलं, तर तिची नोकरी पक्की होणार होती. त्यासाठी दारं बंद हवी होती. गावात दुसरं कोणी असं कोंडून राहायला तयार होईना, मग मायच तयार झाली.

"कंप्युटरात मीबी हाये का?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"हाव. हा आकडा. तुह्या अंगाची गरमी."

"ते बाई दार नाई उघडत?"

"नाई."

"मंग मेली असन ते."

तेव्हा दोघी हसल्या होत्या. आता मात्र त्या गार भिंती चंदाबाईच्या अंगावर येत होत्या.

काचेवर टकटक झाली. शेजारची मंगली होती.

"काऊन वो चंदाबाई, लेकीनं कोंडलं का तुले? बर्फातल्या मासोळीवानी दिसून राह्यली!"

"हळू बोल. तिचं मोजणं चालू हाये."

"बरं, दादाजीभाऊचा वाटा घे."

दादाजी, चंदाबाईचा नवरा, जाऊन बरेच उन्हाळे झाले होते. पण तलावातला त्याचा वाटा कधी चुकला नव्हता. वाटा आणणाऱ्याला दारात बसवून पाणी द्यायचं, ही रीत.

"तिथंच ठेव," चंदाबाई कशीबशी म्हणाली.

मंगलीचं हसू मावळलं. "दाराबाहेर? घरात कोणी नसल्यावानी?" तिनं टोपली उचलली आणि ती वळली.

चंदाबाईनं कडी काढली.

गरम वारा आत शिरला. मंगली उंबरठ्यावर टेकली. तिचं पाहून आणखी दोघी आल्या. यंत्र धापा टाकू लागलं.

"माय, दार!" दीपिका आतून धावत आली. "घराच्या गरमीची सारी रेघ बिघडली!"

"पुसून टाक ते रेघ," चंदाबाई घाबरून म्हणाली. "मी लावतो दार."

दीपिकानं टोपलीतले मासे पाहिले. बापाचा वाटा.

"पुसली, तं नव्यानं मोजाले तुले पुन्हा कोंडावं लागन."

तिनं कंप्युटर मांडीवर घेतला आणि त्यातल्या बाईला संध्याकाळी दार उघडायला लावलं. कंप्युटरातल्या घराची नवी रेघ खऱ्या घराच्या रेघेजवळ आली. पण दार उघडं असलं की यंत्र पुरत नाही, हेही त्यात स्पष्ट दिसत होतं.

"तुह्ये सायेब नोकरीले नाई म्हणतीन का?" चंदाबाईनं विचारलं.

"म्हणतीनबी."

"मंग लावू दार?" मंगली अर्धवट उठली.

"बस ना मावशी," दीपिका म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

चंदाबाईनं शाल खाटेवर टाकली आणि ती उंबरठ्यावर, मंगलीच्या चिखलभरल्या लुगड्याला लागून बसली.