थांबा घेणारी बग्गी

मी एक जुनी शर्यतीची बग्गी आहे. मित्रांनो, नाव ऐकून घोडा शोधू नका. मला घोडा नाही, टप नाही आणि आत बसायला जागाही नाही. माझी लांबी जेमतेम हातभर. चार चाके, त्या चारही चाकांना जोर देणारी एक मोटर, पोटात बॅटरी आणि दूर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात माझा रिमोट, एवढाच माझा संसार. आज मी कपाटावर बसून असते. पण एके काळी मी मातीच्या ट्रॅकवर धुरळा उडवत धावले आहे आणि एकदा भर शर्यतीत चक्क थांबले आहे. लोक त्या थांबण्याला हसले. मला मात्र त्याचा अजून अभिमान वाटतो.

माझा जन्म एका खोक्यात झाला, तोही सुट्या भागांच्या रूपात. दुकानात शेजारच्या फळीवर तयार गाड्या रंगीत अंगाने मिरवत असत आणि माझ्या खोक्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. एके दिवशी साठीला आलेले एक गृहस्थ आणि त्यांची लेक दुकानात आले. गृहस्थांनी एकतीस वर्षे बस चालवली होती. लेक इस्पितळात नर्स होती. तिनेच त्यांना ओढून आणले आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते.

“नातवासाठी बघताय का?” दुकानदाराने विचारले.

“नाही, यांच्यासाठी,” लेक म्हणाली.

“मला यातलं ओ की ठो कळत नाही,” ड्रायव्हरसाहेब पुटपुटले. मी त्यांना ड्रायव्हरसाहेबच म्हणते.

दुकानदार सरळ माणूस होता. सगळ्यात वेगवान गाडी त्याने गळ्यात मारली नाही. नवशिक्याने चारही चाकांना जोर असलेली गाडी घ्यावी, ती वळणावर कमी घसरते. मोटर मध्यम घ्यावी. आणि जमले तर स्वतः जोडावी, म्हणजे बिघडल्यावर उघडायची भीती वाटत नाही, असे त्याने समजावले. ड्रायव्हरसाहेबांनी सगळे ऐकून एकच प्रश्न विचारला.

“आपटल्यावर हिचं काय मोडतं? आणि जे मोडतं ते तुमच्याकडे मिळतं का?”

दुकानदाराने त्यांच्याकडे नीट पाहिले. मग तो स्टुलावर चढला आणि माझे खोके खाली काढले. “हिचा एकूण एक भाग इथे मिळेल,” तो म्हणाला. रंगीत गाड्या बघतच राहिल्या.

त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून माझी जोडणी सुरू झाली. लेक ड्युटीवरून आली की पिशव्यांतले स्क्रू वाटीत काढून देई आणि ड्रायव्हरसाहेब ते बसवत. पण त्यांचे हात थरथरत. स्क्रू निसटून टेबलाखाली जाई, लेक खाली वाकून तो शोधून देई. “आणा, मी बसवते” असे ती एकदाही म्हणाली नाही. एक स्क्रू तर त्यांनी सात वेळा पाडला. मी मोजत होते, कारण तो माझाच होता.

ते हात म्हातारपणाने थरथरत नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बससमोर एक सायकलवाला घसरून पडला होता. त्यांनी करकचून ब्रेक दाबला, पण बस थांबता थांबता त्याच्या पायाला लागलीच. चौकशीत ड्रायव्हरसाहेबांचा दोष निघाला नाही. सायकलवाल्याचा पाय बरा झाला, तो एकदा घरी येऊन चहासुद्धा पिऊन गेला. तरी यांनी नोकरी सोडली ती सोडलीच. दारातली घरची गाडीही ते चालवेनात. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, तसे झाले होते. बाजारात, दवाखान्यात, कुठेही जायचे तरी लेक चालवणार आणि हे शेजारी मांडीवर हात दाबून बसणार. बाबांनी पुन्हा एकदा गाडी हातात घ्यावी, एवढी एकच इच्छा त्या मुलीने धरली होती. मोठी नाही तर छोटी तरी चालवतील, या आशेवर तिने मला घरी आणले होते.

माझ्या चार शॉकमध्ये, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळ्यांमध्ये, तेल भरले, त्यातले बुडबुडे निघेपर्यंत दोघे टक लावून बसले. दातेरी चाके एकमेकांना फार घट्ट बसू नयेत म्हणून मधे कागदाची पट्टी घालून अंतर धरले. शेवटी बॅटरी जोडली आणि रिमोटवरचा वेगाचा खटका दाबला. मी जागच्या जागी थडथडू लागले! पुढची चाके मागे फिरत होती आणि मागची पुढे. ड्रायव्हरसाहेबांनी पुढच्या चाकांना जोर वाटणारा गिअरचा डबा उलटा बसवला होता.

“बाबा, ही अगदी आपल्या घरासारखी झालीय,” लेक हसत म्हणाली. “दोघं दोन दिशांना ओढतायत.”

सगळे खोलून पुन्हा जोडले. दुसऱ्या वेळी स्क्रू तीनदाच पडला.

मग रोज सकाळी मैदानावर सराव. ड्रायव्हरसाहेब वळणाच्या कितीतरी आधी वेग कमी करत. आत उभे प्रवासी असल्यासारखे मला हळूच वळवत. माझ्यात तर माशीसुद्धा बसलेली नसे! सरळ धावताना मी उजवीकडे ओढत असे, तेव्हा “जमीनच तिरकी आहे” असे ते म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडे. लेकीने रिमोटवरचे छोटे बटण दोन खटके फिरवून दिले आणि जमीन लगेच सरळ झाली.

दोन महिन्यांनी क्लबची नवशिक्यांची शर्यत आली. मातीचा ट्रॅक, कडेला अर्धे पुरलेले पाइप, मधे एक उंचवटा. चालवणारे सगळे लाकडी मचाणावर उभे. त्या क्लबचा एक रिवाज होता. आधीच्या गटात जे धावले, त्यांनी पुढच्या शर्यतीला वळणावळणावर उभे राहायचे आणि कोणाची गाडी उलटली की धावत जाऊन ती सरळ करायची. बाकीच्यांनी मात्र थांबायचे नाही, बाजूने काढायची. हा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. ड्रायव्हरसाहेबांनाही सांगितला होता, त्यांनी मानही हलवली होती.

आम्ही आठजण होतो. तिसऱ्या फेरीपर्यंत मी चौथी होते. खरे सांगते, मला हाव सुटली होती. उंचवट्यावरून उडी मारून मी खाली आले, तो समोर एक पिवळी गाडी उलटी पडलेली आणि तिला उचलायला एक चष्मेवाली बाई माझ्या वाटेतच वाकलेली. तिची पाठ माझ्याकडे होती. बाजूने जायला भरपूर जागा होती. आणि मला ब्रेक लागला.

मी चारही चाकांवर गच्च थांबले. त्या बाईपासून चांगली चार हात लांब.

“काका, थांबू नका! बाजूने काढा!” मचाणावरून ओरडा झाला.

“अहो, माणूस आहे तिथे!” ड्रायव्हरसाहेब तेवढ्याच जोरात ओरडले.

मागून एक गाडी उडी मारून आली ती माझ्यावर. तिच्यामागून दुसरी. माझा पुढचा डावा हात, म्हणजे चाक धरणारा दांडा, काडकन मोडला. माइकवरचा माणूस म्हणाला, “मंडळी, स्टॉप आलेला दिसतोय, उतरून घ्या!” सगळे मैदान हसले. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे वाटले.

ड्रायव्हरसाहेब खाली आले, मला उचलले आणि तेही हसू लागले. लेक धावत आली. तिला वाटले, बाबा आता हिरमुसतील, पुन्हा रिमोटला हात लावणार नाहीत. त्यांनी मला तिच्या हातात दिले आणि आपले दोन्ही हात समोर धरून बघितले.

“थांबली गं,” ते म्हणाले. “वेळेवर थांबली.”

हात स्थिर होते. लेकीने ते पाहिले आणि माझ्या मातीने भरलेल्या पाठीवर तिचे डोळे गळू लागले. मला त्या दिवशी कोणतेच बक्षीस मिळाले नाही, पण तशी आंघोळ आमच्या क्लबात दुसऱ्या कुठल्या गाडीला मिळालेली नाही.

घरी निघताना ती नेहमीप्रमाणे ड्रायव्हरच्या दाराशी गेली. ड्रायव्हरसाहेब तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

“चावी दे. तू बस तिकडे.”

तिने चावी दिली आणि वळसा घालून ती शेजारच्या सीटवर जाऊन बसली. मी मोडक्या हाताने मागच्या सीटवर होते. ते इतके सावकाश चालवत होते, की एक सायकल आम्हाला मागे टाकून गेली. रस्ता ओलांडणाऱ्या एका आजोबांसाठी ते फार लांबूनच थांबले. मागच्याने हॉर्न वाजवला. “वाजव बाबा, वाजव,” ते म्हणाले आणि आजोबा पलीकडे पोचेपर्यंत हलले नाहीत.

माझा दांडा दुसऱ्याच दिवशी मिळाला. पुढे तीन वर्षे आम्ही धावलो. कधी पाचवे आलो, कधी सहावे. मग ड्रायव्हरसाहेबांचा व्याप वाढला. सकाळी लेकीला इस्पितळात सोड, शेजारच्या आजारी माणसाला तपासणीला ने, कोणाला स्टेशनवर पोचव. मैदानावर जाणे आधी आठवड्यावर गेले, मग महिन्यावर, मग मी कपाटावर आले. माझी बॅटरी पोटातच राहिली आणि फुगली. नशीब, लेकीच्या वेळीच लक्षात आले. चाके एकाच जागी दबून थोडी चपटी झाली ती झालीच. मित्रांनो, तुमचीही एखादी लाडकी गाडी बाजूला ठेवायची वेळ येईल. तेव्हा तिची माती धुवा, बॅटरी काढून ठेवा, पोटाखाली ठोकळा देऊन चाके अधांतरी करा. एवढे करायला अर्धा तास लागतो आणि आमचे आयुष्य काही वर्षांनी वाढते.

मला धावावेसे वाटते का? वाटते. खोटे कशाला बोलू? पण ज्यासाठी मला या घरात आणले, ते काम झाले आहे, म्हणून तर मी रिकामी बसले आहे. रोज सकाळी खिडकीखाली गाडी सुरू होते, लेक “बाबा, उशीर होतोय, जरा जोरात चालवा ना” म्हणते आणि ते काही ऐकत नाहीत. धूळ मात्र आठवड्यातून एकदा कोणीतरी पुसावी. ती गाडी दारातून बाहेर पडते, तेव्हा मलाही जरा नीटनेटके दिसावेसे वाटते.