खांदे खाली

बाईंचा नाचाचा वर्ग एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. खाली शिलाई मशिनी, वर पोरींचे पाय. खडखडाटात कोण कोणावर कुरघोडी करतंय ते रस्त्यावरच्या माणसाला कळायचं नाही. त्या खोलीत आरसा नव्हता. आरसा म्हणजे बाईच. पोरींकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि सगळं डावीकडून करून दाखवायच्या, म्हणजे समोरच्यांचं आपोआप उजवीकडून व्हायचं. तोंडाने "खांदे खाली!" हा जप अखंड चालू. अशी वीसेक वर्षं गेली.

वर्गापायी आपण रंगमंच सोडला, असं बाई चारचौघांत ऐटीत सांगायच्या. पण वर्ग काढला तेव्हा त्यांच्या गुरूंनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, तोंडावर ऐकवलं होतं, "शिकवायला लागलीस ना, की तुझा नाच गेला म्हणून समज." ते बोलणं इतकी वर्षं सलत होतं. म्हणून नव्या सभागृहातून नाचण्याचं बोलावणं आलं तेव्हा बाई हरखल्या, आणि पहिल्या रांगेत मोठ्या बाई असणार हे कळल्यावर त्यांनी त्याच संध्याकाळी तालीम लावली.

तालमीला नवऱ्याने मृदंग घेतला आणि दोन मिनिटांत थांबवला.

"अगं, डावीकडून काय सुरू करतेस?"

"मी? काहीतरीच काय!"

पुन्हा सुरू केलं. पुन्हा डावा पाय. सगळा नाच आरशातला होऊन बसला होता! बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. शिंप्याकडून लाल चिंधी आणून उजव्या मनगटाला बांधली, तर चिंधीकडे बघण्याच्या नादात स्वतःच्याच पायावर पाय पडला. नवरा खो खो हसला आणि त्याबद्दल त्याला संध्याकाळचा चहा मिळाला नाही.

"मग नाच की उलटाच," तो म्हणाला. "कोणाला कळतंय?"

"एकीला कळेल."

कार्यक्रमाच्या दिवशी बाई चिंधी बांधूनच उभ्या राहिल्या. पहिला नाच उजवीकडून अगदी बिनचूक झाला, पण कसा, तर परीक्षेत पाठ केलेलं उत्तर ओकावं तसा. मृदंगामागे नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मोठ्या बाई छताकडे बघत होत्या. ते पाहून बाईंना रडूच यायचं बाकी होतं.

मग दुसरा नाच आला, द्रुत लयीचा. तिथे विचार करायला फुरसत कुठली! चिंधी कधी सुटून पडली कळलं नाही, डावा पाय आपला आपण पुढे गेला आणि बाई सुटल्या. पाय हलके, डोळे हसरे, मान लयीवर. नवऱ्याची बोटं खुशीत आली. इतका आनंद बाईंना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

त्यांचं लक्ष समोर गेलं. मोठ्या बाईंचे हात मांडीवरून उठले होते. यांचा डावा हात वर, तर त्यांचा उजवा. म्हातारी समोर बसून अचूक नाचत होती, फक्त खांदे पार कानाला भिडले होते.

आणि बाईंच्या तोंडून सवयीने खणखणीत निघालं, "खांदे खाली!"

सगळ्या माना मोठ्या बाईंकडे वळल्या. मोठ्या बाईंनी मुकाट्याने खांदे खाली घेतले. मग असा हशा उसळला की मृदंगसुद्धा ऐकू येईना. बाईंना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं, पण पाय थांबले नाहीत.

नाच संपल्यावर मोठ्या बाईंची खुर्ची रंगपटात आली. बाई घामाने निथळत, मान खाली घालून उभ्या.

"डावीकडून नाचलीस."

"हो."

"आधीचं उजवीकडून होतं. त्यात तू नव्हतीस." मोठ्या बाईंनी हात पुढे करून त्यांचं मनगट धरलं. "नाच जाईल म्हणाले होते मी तुला. चुकलं माझं."

बाईंना हुंदका आवरेना. नवरा उगीचच मृदंगाला खोळ घालत बसला. दाराशी गेल्यावर मोठ्या बाईंनी खुर्ची थांबवायला लावली आणि वळून म्हणाल्या, "खांदे मात्र तुझेही वर होते."

पन्नाशी उलटलेल्या बाईंनी रडता रडता चटकन खांदे खाली घेतले.